फाटकातून लावलेलं अत्तर
इतकी वर्षं मी हे सांगायचं टाळलं. पण परवा एका लग्नात कुणीतरी मनगटाला खसचं अत्तर लावलं आणि मुदखेडच्या आमच्या मशिदीचं लोखंडी फाटक डोळ्यांपुढे आलं. कोरोनातल्या त्या रमजान ईदला आत फक्त पाच जणांनी नमाज पढायची, असा हुकूम होता, आणि कमिटीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, म्हणून ते पाच मला ठरवायचे होते. इमामसाब, बांग देणारे, खजिनदार आणि मी, असे चार झाले. पाचवा माझा दोस्त असायला हवा होता. चाळीस वर्षं तो पहाटे मशिदीचं अंगण झाडायचा आणि ईदला दारात उभा राहून प्रत्येकाला अत्तर लावायचा. मी माझ्या मुलाला घेतलं. ईदच्या सकाळी दोस्त धुतलेला कुर्ता घालून, अत्तराची कुपी घेऊन आला. "पाच झाले," मी फाटकाआडून म्हणालो. "क्या मियाँ, सहावा माणूस अल्लाला जड होतो का? चपलांपाशी उभा राहतो." "पोलीस बघून राहिलेत, घरी जा." रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं आत डोकावलं, माझा मुलगा त्याला दिसला. मग गजांमधून माझा हात ओढून त्यानं मनगटाला अत्तर लावलं. "जा, नमाजाला जमात उभी राहिली." महिन्याभरात तो नांदेडच्या दवाखान्यात वारला. गाव आजही म्हणतं, सदरांनी कायदा पाळला. पण पाचवा कोण, हे कायद्यानं सांगितलं नव्हतं. दर ईदला मी त्याच्या कबरीपाशी जातो, "माफ कर" म्हणायला तोंड उघडतो, आणि फातेहा पढून परत येतो.