आंधळी फेरी

“घर पेटलं तरी ही दारात उभी राहून ‘एक्स्क्यूज मी’ म्हणेल,” अक्का अण्णांना सांगत होती. मी डोळ्यांवर ओढणी बांधून पॅसेजची भिंत चाचपत होते. डोळे बांधले की ऐकूही येत नाही, असं तिला वाटलं असावं.

“आणि आग तिला ‘वेट प्लीज’ म्हणेल,” अण्णा म्हणाले.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. कारखान्यातली नोकरी संपल्यावर ती आमच्या जयनगरच्या घरी राहायला आली, ती तिथली शिस्त घेऊनच. दर अमावास्येला आंधळी फेरी: आग लागून अंधार झालाय असं धरून डोळे बांधून घरभर चालायचं. पलंगापासून बारा पावलांवर मेन स्विच, मग स्वयंपाकघरात गॅसचा रेग्युलेटर, मग दारामागची पिशवी. तिच्यात टॉर्च, औषधं, रेशनकार्ड. शेवटी ओरडायचं, ‘बाहेर या.’ बाल्कनीतल्या वाळूच्या लाल बादलीला शेजारी ‘मांजराची सोय’ म्हणत. मी मात्र अक्काकडे बघतच राही. डोळे बांधून ती चालू लागली की खुर्च्या, उंबरे, दारं आपणहून तिला वाट देत आहेत असं वाटे. एवढ्याशा घराला कुणी इतकं ओळखू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मीही सगळं बिनचूक करी. फक्त ओरडणं जमत नसे.

“स्वल्प जोरात, थोडं आणखी,” ती म्हणे. माझ्या घशातून नुसती हवा येई.

एका संध्याकाळी कॉलेजातून आले, तेव्हा वीज गेली होती. दार उघडताच गॅसचा वास आला. स्वयंपाकघराच्या दाराशी आले, तर शेगडीवर दूध उतू जाऊन आच विझलेली दिसत होती. अक्काला तीन दिवस सर्दी होती, तिला वास येणं शक्य नव्हतं. आतल्या देव्हाऱ्यापुढे ती पाठमोरी बसली होती, हातात काडेपेटी. सांजवात लावताना ती मौन पाळी आणि तेव्हा तिला हाक मारायची नाही, हा तिचाच नियम. घरात आजवर तो कुणी मोडला नव्हता. अण्णासुद्धा तेवढा वेळ खोकला दाबून धरत.

मनात पावलं मोजली. रेग्युलेटर तिच्या पलीकडे होता, पोचायला सहा पावलं. तिनं पेटीतून काडी काढली.

तो आवाज माझ्यातूनच आला, हे मला क्षणभर कळलंच नाही:

“अक्का, काडी ओढू नकोस. गॅस आहे. बाहेर ये.”