निमिषच्या वजनाचे तांदूळ

अमेरिकेतल्या चँडलर गावच्या मराठी मंडळात इला देवधर या बाईबद्दल दोन मतं नव्हती. बाई हट्टी आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. गणपतीच्या जेवणाला पुऱ्या तीनशे लागतील की चारशे, हा वाद निघाला तेव्हा तिने मागच्या पाच वर्षांचे आकडे काढून आणले आणि तीनशे चाळीस लाटायला लावल्या. त्या बरोबर पुरल्या, म्हणून लोकांना जास्तच राग आला. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात चाचण्या घेण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. मोजल्याशिवाय बोलायचं नाही आणि एकदा बोललं की मागे हटायचं नाही, हा स्वभाव नोकरीच्या आधीचाच. नोकरीत त्याचा पगार मिळू लागला, एवढंच.

तिचा नवरा निमिष तसा मवाळ माणूस. नागपुरात कॉलेजात असताना तो तिला मोटरसायकलवरून थेट वर्ध्यापर्यंत फिरवून आणायचा, आणि इथे आल्यावर घर घेण्याआधी त्याने जुनी नऊशे सीसीची गाडी घेतली होती. तीन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत आलं, डावा हात बराचसा आला, डावा पाय मात्र काठीशिवाय चालेना. त्याने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक घरी आलं तेव्हा इलाने त्याला चहा पाजला आणि गाडी विकायची नाही असं सांगून वाटेला लावलं. मग त्रेपन्नाव्या वर्षी ती मोटरसायकल शिकली, लायसन्स काढलं आणि गाडीच्या उजव्या अंगाला एका चाकावरची, एका माणसाला बसायची साइडकार जोडून घेतली. मंडळातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. निमिष दर रविवारी साइडकारमध्ये बसून डोंगर बघायला जाऊ लागला, आणि घरी येताना त्याचा चेहरा पूर्वीसारखा असायचा.

हे सगळं मार्चमधल्या एका रविवारी बिघडलं. बीलाइन हायवेवरून डोंगरातल्या पेसनला जाताना मोठा चढ लागला आणि गाडी दमली. ताशी साठ मैलांवरून पन्नास, पन्नासवरून पस्तीस. मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. एक पिकअपवाला शेजारून जाताना काच खाली करून काहीतरी ओरडला. साइडकार जमिनीलगत असते, त्यामुळे ते सगळं निमिषच्या अगदी कानाशी आलं. वर पोचल्यावर तो म्हणाला, "एकटी असतीस तर चढली असती गाडी."

त्यानंतर तो साइडकारमध्ये बसला नाही. पुढच्या रविवारी गुडघा दुखतोय म्हणाला, त्याच्या पुढच्या रविवारी मॅच होती. मग कारणं देणंही बंद झालं. एप्रिलमध्ये तो मंडळात यायचा थांबला, मे महिन्यात संध्याकाळी फिरायला जायचाही थांबला. इलाला कळून चुकलं की हा माणूस आता दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून म्हातारा होणार, आणि तिला भीती वाटली. झटक्याच्या रात्री हॉस्पिटलात वाटली नव्हती एवढी वाटली. तिने चंग बांधला. गाडी त्याला घेऊन चढली पाहिजे, मग त्याला घरी बसायला कारण उरणार नाही, नाकारायलाही उरणार नाही.

शेजारच्या मेसा गावात वॉल्ट नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान होतं. तो फक्त जुन्या दोन सिलिंडरच्या गाड्यांच्या इंजिनांची ताकद वाढवून द्यायचा, दुसरं काही नाही. इला त्याच्याकडे तक्ता घेऊनच गेली. गाडीचं वजन, साइडकारचं वजन, स्वतःचं वजन, रस्त्याचा चढ, आणि एका रकान्यात 'निमिष, एकशे अडुसष्ट पाउंड'.

वॉल्टने तक्ता दोनदा वाचला. "लोक येतात ते वेगासाठी," तो म्हणाला. "तुला किती हवा?"

"वेग नको. या चढावर, एवढं वजन घेऊन, पासष्टला गाडी टिकली पाहिजे."

त्याने तिला आधी टाळून पाहिलं. मोठी गाडी घे म्हणाला. ती नको म्हणाली. ही निमिषची गाडी होती, दुसऱ्या गाडीत तो बसला तरी पाहुण्यासारखा बसला असता. मग वॉल्टने एक भारी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, दाखवला. त्याने ताकद किती वाढते ते मोठ्या कौतुकाने सांगितलं. इलाने विचारलं, ही ताकद इंजिन किती फिरल्यावर येते? मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर, तो म्हणाला. "मी चार हजारांवर चढते," इला म्हणाली. "तिथली दाखवा." वॉल्टने हात टेकले, आणि त्या दिवसापासून त्यांचं चांगलं जमलं.

सहा आठवडे काम चाललं. मोठे सिलिंडर, मोठे पिस्टन, तिच्या हट्टाप्रमाणे चार हजारांवर जोर देणारा कॅमशाफ्ट. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, तेव्हा आधी आडच मोठा करायला घेतला होता. दर शनिवारी ती दुकानात जाऊन उभी राहायची. शेवटी साइडकार सोडवून गाडी रोलरवर चढवली, मागचं चाक त्यावर फिरवून जोर मोजला. पहिल्यापेक्षा एक तृतीयांश जास्त आला. इलाने आकडा वहीत लिहिला आणि तरी पुन्हा मोजायला लावला.

साइडकार परत जोडल्यावर, गाडी ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी, वॉल्टने एक गोष्ट बजावली. जोर वाढलाय, तेव्हा साइडकार रिकामी ठेवून चालवू नकोस, उजव्या वळणाला तिचं चाक उचलेल. माणूस नसेल तर वाळूच्या पिशव्या तळाशी पट्ट्यांनी घट्ट बांध.

आता वाळू विकत घ्यायची आणि नंतर फेकून द्यायची, हे नागपूरच्या बाईला पटणं शक्य नव्हतं. ती इंडियन ग्रोसरीत गेली आणि निमिषच्या वजनाएवढा माल घेऊन आली. वीस-वीस पाउंडाच्या तांदळाच्या आठ पिशव्या आणि वर थोडी तूरडाळ. लहानपणी तिच्या धाकट्या भावाची नवसाची गूळतुला झाली होती. त्याच हिशेबाने आता नवऱ्याची तांदूळतुला. चाचणी झाली की खिचडी करता येईल.

गाडी आणायला जायच्या सकाळी मुलगी अनया कार घेऊन आली. इंजिनचा आवाज ऐकायला म्हणून निमिषही आला. दुकानाबाहेर इलाने विचारलं, "बसतोस?"

"नाही," तो म्हणाला, आणि कारमध्येच बसून राहिला.

इलाने पिशव्या साइडकारच्या सीटवर रचल्या, माणूस बसतो तशा, पाठीला टेकवून.

"आई, सीरियसली?" अनया म्हणाली. "यू आर टेकिंग राइस फॉर अ राइड?"

"तू बाबांना घेऊन मागून ये. वर चढते का ते त्यांना बघू दे."

आणि गाडी चढली. मार्चमध्ये जिथे तिने दम सोडला होता तिथे इलाने मूठ पिळली आणि काटा पासष्टवर गेला. एका ट्रकला तिने मागे टाकलं. हेल्मेटच्या आत ती स्वतःशीच हसत होती. मग उजवं वळण आलं. वरच्या पिशव्या घसरून गाडीच्या बाजूला कलंडल्या, साइडकारचं चाक जमिनीवरून उठलं, आणि गाडी तिच्या मनाविरुद्ध डावीकडच्या लेनमध्ये शिरली. लेन रिकामी होती म्हणून ती वाचली. तिने मूठ सोडली, चाक धाडकन खाली आलं. कशीबशी गाडी कडेला घेऊन तिने इंजिन बंद केलं.

मागे कार थांबली. पुरती थांबायच्या आतच निमिष दार उघडून उतरला आणि खडीवरून काठी टेकत आला. इतकी वर्षं मवाळ असलेला तो माणूस संतापाने लाल झाला होता.

"हे असं कुणी ठेवलं?"

"मी. तू बसायचास तसंच ठेवलं."

"मी नुसता बसायचो? उजवं वळण आलं की मी बाहेर झुकायचो, इला. दर वळणाला. अंग बाहेर काढून चाक दाबून धरायचो. तुला कधी दिसलं नाही?"

तिला दिसलं नव्हतं. तिची नजर रस्त्यावर असायची. जगातली प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या बाईने नवऱ्याला वजनाच्या रकान्यात घातलं होतं, आणि त्याने ते मानूनही घेतलं होतं, कारण तोही स्वतःला तेवढंच समजायला लागला होता. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच आत्ता ऐकू आल्यासारखं दिसत होतं.

"माझं चुकलं," इला म्हणाली. हे वाक्य मंडळात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. "मला वाटलं गाडीला जोर कमी पडतोय."

"जोर कमी होताच. आता भरपूर आहे." त्याने काठी अनयाच्या हातात दिली. "तांदूळ उतरव. कारमध्ये टाक."

"बाबा, आर यू शुअर?"

"आधी डाळ काढ, पिशवी फाटलीय तिची."

बसायला त्याला पाच मिनिटं लागली. डावा पाय त्याने दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. कुणी मदत केली नाही, कारण त्याने कुणाला करू दिली नाही. मग त्याने उजव्या हाताने साइडकारची कड धरली आणि निघ म्हणून मान हलवली.

पुढचं उजवं वळण अर्ध्या मैलावर होतं. काटा पासष्टवर होता. वळणाच्या तोंडाशी इलाने पहिल्यांदाच डोळ्याच्या कोपऱ्यातून उजवीकडे पाहिलं. निमिष छातीपर्यंत बाहेर झुकला होता, त्याच्या चांगल्या हाताच्या शिरा ताणल्या होत्या, आणि चाक जमिनीला चिकटून होतं.

"समोर बघ," तो ओरडला. "इकडचं मी बघतो."