बांगड्यांचं कोकरू

"आमी पुस्तक न्हाई वाचलं, आमी काच वाचली," असं धुळा एकदा म्हणाला होता.

साताऱ्याच्या कॅम्पातल्या चर्चमध्ये तो झाडलोट करी, घंटा वाजवी. म्हसवडकडचा धनगर, दुष्काळात आईबाप गेले आणि मिशनने त्याला पोसलं. वेदीमागच्या खिडकीत रंगीत काचांचा मेंढपाळ होता, खांद्यावर कोकरू घेतलेला. कुणा साहेबाने मेलेल्या लेकीच्या आठवणीसाठी ती विलायतेहून आणवलेली. जुन्या पाद्र्याने धुळाला सांगितलं होतं, तिकडे शेकडो वर्षं अशा खिडक्या होतात त्या तुझ्यासारख्यांसाठीच, ज्यांना अक्षर येत नाही. काच वितळतानाच तिच्यात रंग मुरवतात, मग तुकडे शिशाने सांधतात. सकाळी फरशीवर तांबडं-निळं ऊन सांडलं की धुळा हातातली केरसुणी तशीच ठेवून उभा राही. धर्म त्याला तेवढाच कळला.

अठ्ठेचाळीसच्या वळवात गारांनी कोकरू फोडलं. साहेबलोक निघून गेलेले. विलायतेला कोण लिहिणार? भोकावर पत्रा बसला. धुळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पुरतं दिसेनासं व्हायच्या आत खिडकी एकदा सबंध बघावी, एवढंच त्याच्या मनात उरलं होतं.

तो बांगड्या भरणाऱ्या रहिमान मणेराकडे गेला. फुटक्या बांगड्यांची टोपली मागितली.

"या वयात कुणाला भरतोस रं बांगड्या?"

"मेंढराला."

"लय नटवं मेंढरू दिसतंय," रहिमान हसला, आणि टोपली पुढे सरकवली.

दोन साध्या काचांमध्ये धुळाने ते तुकडे बसवले. पत्र्याच्या जागी हिरवं, पिवळं, ठिपक्याठिपक्यांचं कोकरू झालं. विलायती नव्हतं, पण ऊन त्यातून येत होतं.

रविवारी धोंडूबाईचं लक्ष गेलं. तिचा नवरा काश्मीरच्या लढाईवर होता. बाप्तिस्म्यात तिचं कुंकू गेलं होतं, चुडा राहिला होता. बांगडी फुटली असं ती कधी म्हणत नसे, वाढवली म्हणे.

"आवं पाळकसाहेब, फुटका चुडा देवाच्या खांद्यावर? आमी खाली बसून कुणासाठी प्रार्थना करायची?"

"बाई, प्रभूच्या घरात शकुन-अपशकुन नसतो."

"तुमाला बोलायला सोपं. तुमच्या मालकिणीचा नवरा घरात हाय."

मागच्या दोघी बायका पदर सावरत उठल्या. धोंडूबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. आत ती आपला चुडा घट्ट धरून होती, हे धुळाला त्या डोळ्यांनीही कळलं.

त्याने शिडी लावली. कोकराला अंगठ्याने एकदा चाचपून त्याने काच सोडवली, आणि त्या जागेतून पांढरं, कोरडं ऊन आत आलं. खाली उतरून त्याने काच पागोट्यात गुंडाळली आणि बाकांच्या मधल्या वाटेने तो बाहेर पडला.