ज्या बाईला मी मामी म्हणतो

ज्या बाईने मला जन्म दिला तिला मी मामी म्हणतो. आज माझी पन्नाशी उलटली तरी म्हणतो. ती आता थकली आहे. असोद्याच्या घरी ओसरीवरच्या खाटेवर बसून असते आणि मी गेलो की माझ्या तोंडाकडे कान लावते. तिला कोणता शब्द ऐकायचा आहे ते मला ठाऊक आहे. एका उन्हाळ्यात थोडे दिवस मी तो वापरला होता. मग बंद केला.

आम्ही दोघे जुळे. माझ्या आत्याला मूल होत नव्हतं, म्हणून तिने भावाच्या दारात ओटी पसरली आणि आम्हा दोघांतला एक तिच्या ओटीत घातला गेला. तो मी. आत्याचं सासर शिंदखेड्याला. तिथे मी तिला आई म्हणत वाढलो. मग आईचा भाऊ तो मामा आणि त्याची बायको ती मामी, हे ओघानेच आलं. कोणी काही लपवलं नव्हतं. मलाही कळत होतं, पण लहानपणी त्यात काही बोचत नव्हतं.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी निघायची. पॅसेंजरने जळगाव आणि तिथून एसटीने असोदा. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका. बाजारात तेव्हा झेरॉक्सची दुकानं नवी निघाली होती. मी गल्लीत शिरलो की पोरं ओरडायची, "आली रे, झेरॉक्स आली!"

मामीला आम्ही ओळखू यायचो नाही. भावाच्या वाटचा मार मी खायचो आणि माझी पोळी त्याच्या ताटात पडायची. आई मात्र आम्हाला पाठमोरे बघूनही ओळखायची. दोघांतून मला दंडाला धरून बाजूला काढायची आणि सासरच्या बोलीत म्हणायची, "हाऊ मना शे." माहेरची माणसं तिच्या त्या अहिराणीला हसायची. मी हसायचो नाही. हा माझा आहे, एवढंच ते वाक्य, पण मला फार आवडायचं.

कॉलेजात गेल्यावर वाचनालयातून आणलेल्या एका दिवाळी अंकात मी एक गोष्ट वाचली. पुढच्या काळातली होती. श्रीमंत माणसं स्वतःच्या हुबेहूब नकला बनवून घेतात. त्या नकला म्हणजे हाडामांसाची पोरं, दूर एका वसतिगृहात वाढवलेली. त्यांना दूध, फळं, खेळ, सगळं मिळतं. मूळ माणसाचं काळीज किंवा मूत्रपिंड बिघडलं की नकलेचं काढून घ्यायचं, एवढ्यासाठी. पोरांना हे कोणी सांगत नाही. त्यांना सांभाळणारी एक बाई असते, ती त्यांची डोकी धुते, गोष्टी सांगते. तिला सगळं माहीत असतं.

ती गोष्ट मी आईला वाचून दाखवली. ती बाजरी निवडत होती. तिचे हात थांबले.

"आन ती बाई गप बसली?"

"गोष्टच आहे ती, आई."

"असू दे. सांभाळलं ना तिनं? मग पोरं घेऊन पळायचं. मी असती तर रातोरात पळवली असती." आणि ती रागारागाने सूप पाखडू लागली.

आखाजीला मी तीच गोष्ट भावाला सांगितली. तो झोक्यावर बसून कैरी खात होता. "मंग आपल्यातली नक्कल कोन?" त्याने विचारलं आणि उत्तरही त्यानेच दिलं, "तूच. अस्सल कागद घरात ठेवतात, झेरॉक्स बाहेर देतात." मी त्याला झोक्यावरून ढकलून दिलं. दोघेही हसलो.

पुढच्या वर्षी, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, आखाजीला बराच अवकाश असताना मामा एकटाच शिंदखेड्याला आला. मी कॉलेजातून परतलो तेव्हा तो निघण्याच्या बेतात होता. डोक्यावर टोपी नव्हती, ती हातात होती. माझ्या गालावरून हात फिरवून तो गेला. दुसऱ्या दिवशी आईने माझी पिशवी भरली.

"मामी आठवण काढते. जाऊन ये."

"आखाजी लांब आहे अजून. तू नाही येत?"

"मी येते मागून." नवा शर्ट तिने घडी करून वर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

भाऊ आजारी होता. तोंड सुजलेलं, पाय काटकुळे. कावीळ उलटली आहे, असं मला सांगण्यात आलं. मला त्याची काळजी वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी स्वतःच्याच आनंदात होतो. कारण गेल्या गेल्या मामीने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मामी नको म्हनू आता. माय म्हन मले."

सकाळी निरसं दूध, पहिला पेला माझा. दुपारी ती मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायची. तेल लावता लावता माझ्या टाळूवरच्या भोवऱ्यापाशी तिची बोटं थांबायची. मी गोठ्यामागे जाऊन एकट्याने "माय, माय" म्हणून पाहिलं होतं, जीभ वळावी म्हणून. एवढा मोठा घोडा मी, पण तिने हाक मारली की धावत जायचो. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून मामाने मला जळगावला नेलं. मी खुशीने दंड पुढे केला. सगळ्यांत माझी गणना झाली, याचाच मला आनंद.

एका संध्याकाळी लिंबाखाली भाऊ आणि मी बसलो होतो. माझ्या हातात दुधाचा पेला होता. भाऊ त्याच्याकडे बघत राहिला.

"तुले काही सांगितलं नाही ना यांनी?"

"काय?"

"माह्ये दोन्ही मूत्रपिंडं गेले. मुंबईचा डॉक्टर म्हने, जुळ्याचं जसंच्या तसं बसतं." मग तो हसला, सुजलेल्या डोळ्यांनी. "तुह्या गोष्टीतलं वसतिगृह हेच आहे, बाबा. पे, दूध पे."

पेला मी खाली ठेवला. विचारलं, "आईला माहीत आहे?"

"आत्याले? तिलेच तर आधी इचारलं. माह्या बापानं तिच्या पायाशी टोपी ठेवली म्हने." मग तो म्हणाला, "तू जाय. सकाळच्या गाडीनं निंघून जाय. मी सांगतो घरच्यांले."

मी गेलो नाही. स्वतःचा जीव पणाला लावून जो मला जा म्हणतो, त्याला सोडून जायचं कसं? पेला घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. मामी भाकरी थापत होती. पेला तिच्यापुढे ठेवून मी म्हणालो, "दूध नको, मामी."

तिला कळलं. हात पिठातच राहिले. तव्यावरची भाकरी जळाली तरी तिने उलटली नाही. तिने विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. तेवढंच विचारायचं होतं, तेही कोणी विचारलं नाही.

मुंबईला ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा मामी भावाच्या खोलीबाहेर बसली होती आणि आई माझ्या उशाशी. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती तशीच बसून राहिली.

पुढे शिंदखेड्याला, पावसाळा सरता सरता, मी तिला एकदाचं विचारलं, "तू तर पोरं पळवून नेणार होतीस."

ती भाजी चिरत होती. चिरता चिरताच म्हणाली, "त्या गोष्टीतल्या बाईच्या पायाशी कोनी टोपी ठेवली नव्हती." आणि विळीवरून उठून आत गेली. तिच्यावरचा माझा राग त्या दिवशी उतरला असं नाही, पण हळूहळू तो उतरला. तिचा भाऊ आणि तिचा मुलगा यांच्या मध्ये ती सापडली होती. तिने माझ्याशी खोटं बोलताना माझ्याकडे पाहिलं नव्हतं, हे मला पुढे फार महत्त्वाचं वाटू लागलं.

मामीने मात्र माझ्या डोळ्यांत बघून मला "माय" म्हणायला लावलं होतं. ते मी माफ करू शकलो नाही.

भाऊ बरा झाला. लग्न झालं, पोरं झाली, केळीची बाग करतो. सूज उतरली आणि आमचे चेहरे पुन्हा सारखे झाले. गल्ली आम्हाला ओळखताना पुन्हा चुकू लागली. मामी चुकली नाही. त्या उन्हाळ्यानंतर एकदाही नाही. हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. पिठातले ते हात आठवतात, टाळूवर थांबलेली ती बोटं आठवतात. ती मूत्रपिंडासाठी मला जपत होती की उशिरा का होईना आपला दुसरा पोर ओळखायला शिकत होती? दोन्ही खरं असेल. मला त्यातलं एकच खरं धरून बसायला सोपं गेलं.

आता तिला दिसत नाही. यंदा आखाजीला गेलो तेव्हा ओसरीच्या पायरीवर नुसतं पाऊल ठेवलं, तर ती म्हणाली, "शिंदखेड्याचा आला." भाऊ मागून हसला, "हिले पाय बी ओळखू येतात तुहे." मी तिच्याजवळ बसलो. तिने माझ्या टाळूवर हात ठेवला. केस विरळ झालेत, भोवरा तिला लगेच सापडला. ती वाट बघत राहिली. तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. गोठ्यामागे म्हणून पाहिलेला तोच.

निघताना मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "येतो, मामी."

"ये बाप्पा," ती म्हणाली.