भाड्याच्या गाडीचा मालक

जार्लथ कॉइन दर ऑगस्टात इंग्लंडहून आयर्लंडला घरी यायचा, आणि दर ऑगस्टात त्याच्या हाताखाली नवी कोरी गाडी असायची. एका साली निळी, एका साली राखाडी, एकदा तर नवरीसारखी पांढरीशुभ्र. गाडी हमरस्त्यावर थांबली की तो आधी काच खाली करायचा, कोपर बाहेर काढायचा आणि मग हॉर्न वाजवायचा. म्हातारी आई दारात यावी म्हणून. आई यायचीच. तिच्या मागे त्याची धाकटी बहीण डिम्पना ओले हात ॲप्रनला पुसत उभी राहायची आणि मनात म्हणायची, आलं बाई उसनं वैभव.

गाडी भाड्याची असायची. नॉकच्या विमानतळावर उतरायचं, भाड्याच्या गाड्यांच्या खिडकीशी जायचं, इंग्लंडचा परवाना दाखवायचा. तिथली पोरगी नेमानं विचारायची, आयर्लंडला पहिल्यांदाच का, आणि हा म्हणायचा, छे, अधूनमधून येतो. जन्मला इथे, बाप पुरला इथे, आणि सही करायची ती परदेशी पाहुणा म्हणून. हे गावाला कसं ठाऊक, तर पेट्रोल पंपवाल्या मॅलकीची भाची त्याच खिडकीत बसायची. तिनं मामाला सांगितलं, आणि मॅलकीला एखादी गोष्ट कळली की चर्चच्या घंटेची गरज उरत नसे.

डिम्पनाला राग यायचा तो जागेचा. ज्या नॉकला मरियामातेनं गोरगरिबांना दर्शन दिलं, जिथे आजारी माणसं गुडघे टेकायला जातात, तिथूनच हा लबाडीची किल्ली खिशात घालून निघतो. निदान डब्लिनला तरी उतरावं.

घरी सांगायची गोष्ट निराळी होती. गाडी आपलीच, नॉकजवळ ओळखीच्याच्या शेडमध्ये वर्षभर झाकून ठेवतो. दर वर्षी रंग कसा बदलतो, तर जुनी विकून नवी घेतो. आणि हे कुठे सांगायचं, तर आमच्या भागात, जिथे गाडीची पाटी माणसं जन्मपत्रिकेसारखी वाचतात. साल आणि परगणा दोन्ही पाटीवर असतं. चालू सालची, भाड्याच्या सगळ्या गाड्यांसारखी डब्लिनमध्ये नोंदलेली, मागच्या काचेवर कुठलंसं लेबल खरवडल्याचा चिकट डाग, म्हणजे कोणाची ते शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

"काय जार्लथ," मॅलकी पेट्रोल भरता भरता विचारायचा, "यंदाही डब्लिनचीच सोयरीक केलीस? आपल्या गॉलवेच्या काय वाईट आहेत?"

"तिकडे जरा स्वस्तात मिळते रे."

"आणि नांदत नाही वाटतं कुठली वर्षभर?"

जार्लथ हसायचा. आपण हसतोय की आपल्याला हसतायत, हे कळायची त्याची शक्ती इंग्लंडातल्या ल्यूटन शहराच्या धुरात गेली असावी.

मुळात तो असा नव्हता. अठराव्या वर्षी बोटीनं गेला, रस्ते खणले, पहिली काही वर्षं घरी पैसे पाठवले. बाप गेला तेव्हा वेळेवर पोचायला म्हणून त्यानं पहिल्यांदा गाडी भाड्यानं घेतली, त्यात पाप काहीच नव्हतं. पण पुरून परतताना शेजारीपाजारी हात मिळवायला आले आणि एकजण म्हणाला, गाडी छान आहे हो. एरवी जार्लथशी कोणी हात मिळवत नसे, नुसती मान हलवत. त्यानं म्हणायला हवं होतं की नॉकची आहे, परवा परत द्यायचीय. तो म्हणाला, बरी पळते. त्या दोन शब्दांवर पुढची सगळी इमारत उभी राहिली. मग बोलण्यात ठेकेदारी आली, हाताखाली माणसं आली, ल्यूटनला बाग असलेलं घर आलं. डिम्पनाची मुलगी ओर्ला एकदा तिकडे गेली तेव्हा बघून आली. मामा एका शाळेत झाडलोट करतो, बॉयलर सांभाळतो आणि एका दुकानावरच्या खोलीत राहतो. झाडलोटीची लाज वाटावी असं त्यात काही नाही, असं डिम्पना म्हणायची. लाज बागेची वाटावी.

आणि उसन्या वस्तूची ती काळजी. हमरस्त्यापासून घरापर्यंत बोळ, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. जार्लथ गाडी त्या बोळात कधी घालायचा नाही. ओरखडा उठला तर नॉकचे लोक अनामत ठेवलेली रक्कम कापून घेतात, पण सांगायचं की रंग नाजूक आहे. मग शहाऐंशी वर्षांच्या आईनं काठी टेकत रस्त्यापर्यंत चालत जायचं. गेल्यावर तो आधी सीटवर टॉवेल अंथरायचा.

"बुटांना चिखल नाही ना गं आई?"

"बाईनं तुझं शी-शू काढलं," डिम्पना म्हणायची, "आता तू तिचे बूट तपास."

कुठेही थांबला की उतरून गाडीभोवती चक्कर, बाजारात गाय विकत घेणाऱ्यासारखी. खाली वाकून बघायचं, हात फिरवायचा, थुंकी लावून पुसायचं. आईकडे इतकं निरखून त्यानं कधी पाहिलं असेल असं डिम्पनाला आठवत नव्हतं.

त्या वर्षी मात्र तो लंगडत आला. गाडी नेहमीपेक्षा मोठी होती आणि माणूस नेहमीपेक्षा लहान दिसत होता. दुसऱ्या दिवशी डिम्पना गोठ्यात होती, तिथे आला आणि बादली उचलायचं नाटक करत उभा राहिला.

"डिम्पना, फेस्टीमामाचं घर रिकामंच आहे ना?"

चौकातलं ते छोटं घर. मामा वारला तसं आईच्या नावावर आलं होतं.

"उंदीर आहेत," डिम्पना म्हणाली.

"छप्पर धड आहे?"

"तुझ्या बागेपेक्षा धड आहे."

मग सगळं बाहेर आलं. गुडघे गेले, शाळेनं दुसरा माणूस घेतला, खोलीवाला इमारत विकतोय. नाताळाआधी जागा सोडायची. जायचं कुठे, तर मामाच्या घरी, आईनं दिलं तर.

"मग माग तिच्याकडे."

"तूच सुचव ना. सहज बोलता बोलता."

"मी का? तुला देवानं तोंड दिलंय. गावभर तर चालतं."

"मी कसं सांगू? तिला वाटतं की..."

"काय वाटतं?"

त्यानं बादली खाली ठेवली.

"गाडी भाड्याची आहे, काम सुटलंय, घर दे," डिम्पना म्हणाली. "एवढंच बोलायचंय. कबुलीजबाबाला गेलास तर फादर याहून जास्त विचारतात."

ती कठोर बोलली, पण त्या रात्री जपमाळेवर तिची बोटं पुढे सरकेनात. ओर्लाचं लग्न ईस्टरला ठरलं होतं आणि आईनं वसंतातच म्हटलं होतं, फेस्टीचं घर पोरीला बरं पडेल. डिम्पनानं नुसतं गप्प बसायचं होतं. भाऊ आपल्या थापांनीच घर घालवणार होता, तिला बोटही उचलावं लागणार नव्हतं. हे कळून तिला स्वतःचीही किळस आली. म्हणून तिनं सकाळी त्याला पुन्हा टोचलं, दुपारी पुन्हा. तो म्हणायचा, योग्य वेळ बघतोय.

वेळ आईनं बघितली. शनिवारी रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "उद्या चर्चमधली मिस्सा झाली की फादर लॅव्हेल तुझ्या गाडीला आशीर्वाद देणार आहेत. मी सांगून ठेवलंय."

जार्लथचा कप तोंडापाशी थांबला.

"कशाला फादरना त्रास, आई."

"आपल्या घरातलं एकही चाक पवित्र पाण्याशिवाय रस्त्यावर गेलं नाही. तुझ्या बापाचा ट्रॅक्टरसुद्धा."

"पाऊस आहे म्हणतात उद्या."

"पावसानं देवाचं पाणी पातळ होत नाही."

"मला गुडघ्यानं उभं राहवत नाही."

"आशीर्वाद गाडीला आहे. गुडघ्यांचं नंतर बघू."

रविवारी पाऊस आलाच नाही. मिस्सा सुटली तरी कोणी घरी गेलं नाही. जो तो चर्चच्या अंगणात काहीतरी शोधत थांबला, कोणी हातमोजा, कोणी छत्री. मॅलकी तर पुढेच उभा, तोंडात पेपरमिंट. फादर लॅव्हेल झगा सावरत आले. गावात नवे होते, तरुण होते, त्यांना बिचाऱ्यांना पाटी वाचता येत नव्हती.

"मालक कोण?" त्यांनी विचारलं. "मालकानं गाडीजवळ यावं."

डिम्पना भावाच्या बुटांकडे बघत राहिली. आई काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत होती, लहान मूल पहिला शब्द काढतंय का ते बघावं तशी. एवढंच म्हणायचं होतं, फादर, माझी नाही. लोक हसले असते. हसत तर ते आधीही होतेच.

"मीच, फादर," जार्लथ पुढे होऊन म्हणाला. "माझीच."

माणसांपुढच्या त्याच्या थापा मनावर घेणं डिम्पनानं कधीच सोडून दिलं होतं. ही देवाच्या दारात, पवित्र पाण्याखाली मारली. फादरनी प्रार्थना म्हटली, बॉनेटवर पाणी शिंपडलं. मग खिशातून प्रवाशांचा रखवाला संत ख्रिस्तोफर, त्याचं पदक काढलं, मागचा कागद सोलला आणि स्टिअरिंगपुढच्या फळीवर अंगठ्यानं असं काही दाबून बसवलं की जार्लथचं तोंडच उतरलं.

"आता हा संत हलायचा नाही," फादर खुशीत म्हणाले.

"चला," मॅलकी म्हणाला, "डब्लिनची सून रीतसर घरात आली."

दुपारी हॅम आणि बटाटे वाढताना आई म्हणाली, "फेस्टीचं घर ओर्लाच्या नावे करावं म्हणते. मंगळवारी वकील येतोय. जार्लथ, तुला काही कमी नाही, तरी विचारते. तुझी हरकत नाही ना?"

डिम्पनानं टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. चांगलाच लावला.

"मला कसली हरकत," तो म्हणाला. "मी काय करू त्या खुराड्याचं? दे की पोरीला." आणि त्यानं हॅमची ताटली पुढे ओढली.

भांडी विसळताना डिम्पनाला राहवलं नाही. ओर्लाचं काय व्हायचं ते होवो.

"आई, जार्लथची ती गाडी..."

"भाड्याची आहे," आई म्हणाली. "पहिल्या सालापासून ठाऊक आहे मला."

"मॅलकीनं सांगितलं?"

"मॅलकी कशाला हवा? त्याची असती तर इतकी जपली असती होय? स्वतःचं काही त्यानं कधी जपलंय? बायको नाही, पैसा नाही, गुडघे नाहीत." तिनं पुसलेली बशी पुन्हा पुसली. "यंदा लंगडत आला तेव्हाच कळलं, त्याला छप्पर हवंय. फेस्टीच्या घराची किल्ली मी चर्चमध्ये घेऊन गेले होते. माझी नाही एवढं म्हणाला असता, तर तिथेच हातात दिली असती. ओर्लाला दोन हात आहेत, नवरा आहे, बांधतील दुसरं."

"मग तुला ठाऊक आहे असं त्याला सांगायचं तरी."

"मी सांगितलं असतं, तर आईवर उपकार म्हणून राहिला असता तिथे. सगळ्या गावाला सांगितलं असतं की म्हातारीनं गळ घातली. नको. ज्याला हवंय त्यानं मागावं."

सोमवारी सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला डिम्पना बाहेर पडली तर रस्त्यावर गाडीचं दार उघडं. जार्लथ सीटवर अर्धा आडवा, हातात स्वयंपाकघरातली सुरी. दुपारच्या विमानाआधी गाडी परत करायची होती आणि संत ख्रिस्तोफर निघत नव्हता. खांद्यावर बाळ येशू घेतलेला तो संत काठापासून खरवडला गेला होता, आणि खालच्या काळ्या फळीवर पांढरा ओरखडा उठला होता.

"संताला सोलतोयस?"

"चिकटवलंय कशानं देव जाणे," तो पुटपुटला. "ते लोक पैसे कापतील."

ते लोक. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून 'ते लोक' पहिल्यांदा आलं. डिम्पनानं दाण्यांची बादली खाली ठेवली.

"जार्लथ, सुरी टाक. ती जागी आहे, चहा घेतेय. आत जा आणि सांग."

"काल हो म्हणून बसलो ना."

"वकील उद्या येतोय. अजून काही गेलं नाही."

"तिला धक्का बसेल."

"तिला पहिल्या सालापासून ठाऊक आहे. गाडी, खोली, सगळं. किल्ली तिच्या ॲप्रनच्या खिशात आहे. तुझ्या तोंडून तेवढं ऐकायचंय तिला."

त्याचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. मग सुरी पँटला पुसून तो बोळातून लंगडत घराकडे निघाला. आपल्या मनातला काटा निघाला असं वाटून डिम्पनानं क्रूसाची खूण केली आणि बादली विसरून मागोमाग गेली. दारापाशी थांबली. आत जायची हिंमत झाली नाही.

आई शेकोटीशी बसली होती. तिचा उजवा हात ॲप्रनच्या खिशात होता.

"आई," जार्लथ म्हणाला.

"बोल बाळा."

चुलीवर पाणी उकळत होतं. त्यानं सुरी टेबलावर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"पुढच्या वर्षी याहून मोठी आणीन म्हणतो," तो म्हणाला. "मागे तुला पाय पसरून बसता येईल अशी."

म्हातारीनं खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि चहाची किटली पुढे ओढली.

"आण हो," ती म्हणाली. "चहा घेऊन जा. रस्ता लांबचा आहे."