मुलाणी सरांनी न दिलेली तारीख

मुलाणी सरांची आणि माझी पहिली भेट पुण्याच्या प्रयोगशाळेच्या दारात झाली. सरांनी माझ्यापुढे काचेची बशी धरली. "बांगडीतल्या पिना, केसांतले आकडे यात काढा. नाहीतर तुमच्या पिनेचं चुंबकत्व आमच्या धातूच्या नावावर चढायचं." आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. सरांनी 'तुम्ही' म्हटलं, त्याचंच दडपण जास्त आलं.

सरांचं काम थोडक्यात सांगते; चुकलं तर दोष माझा. वीज गेली तरी लिहिलेलं टिकवणारी आणि लिहायला अगदी कमी वीज घेणारी संगणकाची मेमरी करायची, तर तसा चुंबकीय मिश्रधातू हवा. सर कोबाल्ट, लोखंड आणि बोरॉन यांचं प्रमाण बदलत त्याचे पातळ थर तयार करतात. अडचण अशी, की थोड्या विजेत ज्याचं चुंबकत्व फिरतं, तो धातू जरा तापला की लिहिलेलं विसरतो. जो विसरत नाही, तो फिरायला भरपूर वीज मागतो. या दोन्हींच्या मधली जागा सर वर्षानुवर्षं शोधत आहेत. सकाळी भोरहून एसटी, संध्याकाळी परत, आणि बहुतेक दिवशी हाती 'हाही नाही' एवढंच.

एकदा एक नमुना फार चांगला निघाला. कुणीतरी पेढे आणले. सर म्हणाले, "फ्रिजमध्ये ठेवा. उद्या पुन्हा मोजू." दुसऱ्या दिवशी ते माप आलं नाही. "धातू विसरला, पेढे टिकले. खा आता," सर म्हणाले.

माझं संशोधन असंच लांबलं, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते बंद करायचं ठरवलं. सर परतीच्या वाटेवर आमच्या गावाला, कामथडीला उतरून घरी आले.

"सर, लोहचुंबकाला एवढी वर्षं? आमच्या रेडिओत बी असतंय की."

"त्याला काय ध्यानात ठेवायचं नसतंय, दादा."

"मग ह्ये व्हायचं कधी? दिवाळीपातूर?"

सरांनी कुठली तरी तारीख द्यावी, म्हणून मी मनात देवाला विनवत होते.

"न्हाई सांगता येत," सर म्हणाले. "होईल का, त्ये बी न्हाई सांगता येत. तुमची लेक मापात खोटं करत न्हाई, एवढंच सांगतो."

मला वाटलं, संपलं.  पण अण्णा आईला म्हणाले, "च्या टाक. आजवर दारात आलेल्या हरेक सायबानं तारीख दिली, रस्त्याची, पाण्याची. न देनारे ह्ये पयलेच." आणि माझ्याकडे न बघता, "उद्या डबा घिऊन जा."

आज सर साठ वर्षांचे झाले. त्यांना एसटीत फार वेळ उभं राहवत नाही. मीही थकले आहे. त्यांच्या गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, कळत नाही. पण खोटा उत्साह लिहिला, तर सर ती ओळ पुन्हा मोजायला लावतील. धातू अजून मिळालेला नाही. अण्णा कामथडीच्या थांब्यावर एसटीच्या खिडकीपाशी येऊन विचारतात, "सर, झालं का?" सर म्हणतात, "न्हाई अजून."

अण्णांना हे विचारायला आणि सरांना उत्तर द्यायला पुष्कळ वर्षं मिळोत, सरांचे गुडघे, डोळे, श्वास सगळं धड राहो. उत्तर बदललं तर आनंदच आहे. नाही बदललं, तरी त्या खिडकीत सर असावेत.