दादासाठी माइल्ड

नाताळच्या आदल्या शनिवारी साउथहॅम्प्टनला आमच्या घरी पार्टी असते, आणि बिअर माझ्या हातची असते. हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याने निवृत्त होताना बिअर करायचं त्याचं सगळं सामान मला देऊन टाकलं, तेव्हापासून गॅरेजमध्ये माझा हा उद्योग चालू आहे. दर वर्षी मी काळी, दाट, चांगली चढणारी स्टाउट करायचे. ती मुरायला वेळ लागतो, म्हणून ऑक्टोबरमध्येच घालावी लागते. पहिला ग्लास दादाचा, म्हणजे लंडनमध्ये एजवेअरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचा.

यंदा मी बिअरसाठी लागणारं माल्ट मागवायला बसले होते, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"तुला सांगू की नको, कळत नाही गं," ती म्हणाली. "तो आता रोज पितो. कामावरून आल्या आल्या बसतो. परवा तसाच गाडी काढत होता, मी किल्ली हिसकावून घेतली."

मी डॉक्टर आहे, असे पेशंट वॉर्डात नेहमी बघते. तरी मी तिला विचारलं ते एवढंच, "नक्की ना?"

स्टाउट आता शक्यच नव्हती. काहीच केलं नाही, तर का नाही हे सगळे विचारणार, तेही त्याच्यासमोर. माझी मुलगी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "आई, अल्कोहोल-फ्रीवाला बिअर कर ना. मामाला कळणार पण नाही." पण दादाला पहिल्याच घोटात कळलं असतं. शेवटी मी माइल्ड ठरवली. दिसायला काळपट, चवीला भाजलेल्या पावाच्या कडेसारखी, पण अगदी हलकी.

"रंग तोच ठेवतेस म्हणजे त्याला फसवतेसच की," नवरा म्हणाला.

"मग काय करू, सांग."



दोन दिवसांनी दादाचाच फोन. "स्टाउट घातलीस ना?"

"नाही रे, यंदा माइल्ड."

 "म्हणजे तुझी वहिनी बोलली तुझ्याशी."

"हो."

त्याने फोन ठेवला. भाऊबीजेला तो आला नाही. "कामात आहे" असा मेसेज आला. मी ओवाळणीचं ताट काढलंच नाही.

पार्टीला येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. गाडी वहिनीने चालवली होती. त्याने माइल्डचा घोट घेतला आणि शेजाऱ्यांना म्हणाला, "बहिणीने केलीय. मस्त झालीय." मला इतकं हलकं वाटलं, की मी हसत हसतच आणखी बाटल्या आणायला गॅरेजमध्ये गेले.

थोड्या वेळाने पुन्हा गेले, तर दादा तिथे फ्रीजरपाशी उभा होता. कोटाच्या खिशातली छोटी बाटली त्याच्या तोंडाला होती. व्हिस्कीचा वास येत होता.

मी दार लावून घेतलं. त्याने बाटली लपवली नाही.

"तुझी बिअर चांगली आहे गं," तो म्हणाला. "पण तिने माझं काही होत नाही."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "जीपीकडे जा, दादा."

"एकटा गेलो तर खोटं सांगेन."

"मी येते."

जानेवारीत सुट्टी काढून त्याच्याबरोबर जीपीच्या दवाखान्यात गेले. आठवड्याला साधारण किती होते, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं. दादाने जे सांगितलं ते निम्मंही नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता.

"याहून खूप जास्त," मी म्हणाले.

 त्याच्या घरी पोचताच तो सरळ वर गेला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"पुढची अपॉइंटमेंट घेतलीय?" वहिनीने विचारलं.

"घेतलीय."

तो जाईल का, हे तिने विचारलं नाही. तिने चहा टाकला, आणि आम्ही दोघी वरच्या खोलीचा कानोसा घेत बसलो.